तज्ज्ञाची साक्ष: कोर्टात प्रत्यक्ष की आधी रेकॉर्ड केलेली?

साक्षीला हाडांचा सर्जन किंवा हस्ताक्षरतज्ज्ञ हवा असतो आणि नेमकी तारीख पुढे ढकलली जाते. त्याचा दिवस वाया, फी मात्र चालूच. इथे व्हिडिओवर आधीच नोंदवलेली साक्ष सरळ बाजी मारते. शपथ, सरतपास (साक्षीला बोलावणाऱ्या बाजूच्या वकिलाचे प्रश्न), उलटतपास सगळं दोन्ही बाजूंच्या वकिलांसमोर उरकतं. अमेरिकेच्या फेडरल दिवाणी नियमांत अशा जबानीला एक दिवस, 7 तास ही सर्वसाधारण मर्यादा आहे. हरकत मान्य झाली तर तेवढा भाग दाखवण्याआधी कापता येतो. प्रत्यक्ष साक्षीत एकदा कानावर पडलेलं, न्यायाधीशांनी ‘दुर्लक्ष करा’ म्हटल्यावर कोण विसरतं?

पण मेख पुढे आहे. रेकॉर्डिंगनंतर नवा पुरावा आला, तर पडद्यावरच्या तज्ज्ञाला त्याबद्दल विचारता येत नाही. न्यायाधीशांना शंका आली तरी तेच. शिवाय तासभर एकच चेहरा पाहून लक्ष उडतंच. कोर्टात उभा असलेला तज्ज्ञ एक्स-रे हातात धरून, समोरच्यांना कळतंय का हे बघत बोलतो.

माझ्या मते उपचार करणाऱ्या डॉक्टरची साधी, फारसा वाद नसलेली साक्ष खुशाल रेकॉर्ड करावी. दोन तज्ज्ञांची जुंपणार असेल, तर खर्च सोसून आपला माणूस कोर्टातच आणावा.