विकत घेतलेला पूर्वज

आमच्या भावकीतील चौतीस घरांनी प्रत्येकी पाच हजार रुपये काढले आणि एकूण १,७०,००० रुपयांना एक पूर्वज विकत घेतला. हे वाक्य आज लिहिताना शरम वाटते. परंतु त्या वेळी आपण काही विकत घेत आहोत असे आमच्यापैकी एकालाही वाटले नव्हते. आपला हरवलेला इतिहास परत मिळतो आहे, अशीच सर्वांची समजूत होती. सातारा जिल्ह्यातील आणखी तीन घराण्यांची अशीच फसवणूक झाल्याचे आता कळले असल्यामुळे घडले ते सविस्तर सांगतो. गावाचे आणि माणसांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

वंशावळ शोधून देणारे एक गृहस्थ एका लग्नात आप्पांना, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांना, भेटले. स्वतःची ओळख त्यांनी 'इतिहास संशोधक व मोडी वाचक' अशी करून दिली, आणि मोडी त्यांना थोडीफार येत होती हे खरे आहे. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून जुने कोतवाल बुक, म्हणजे गावातील जन्ममृत्यूच्या नोंदींची वही, किंवा शाळेचे रजिस्टर वाचू शकणाऱ्या माणसाला खेड्यापाड्यांत मोठा मान मिळू लागला आहे. त्याच मानाच्या आधारावर त्यांनी आप्पांना सांगितले की तुमचे आडनाव, तुमचे देवक आणि तुमचे गाव पाहता तुम्ही साधे कुळवाडी नव्हेत. सिंहगडाच्या मोहिमेत तानाजी मालुसरे यांच्यासोबत गेलेल्या एका सरदाराचे तुम्ही वंशज असला पाहिजेत.

पहिल्या भेटीत त्यांनी पैशाची गोष्ट काढली नाही, त्यांनी माहिती मागितली. सातबारा, जुने फेरफार, शाळा सोडल्याचे दाखले, म्हाताऱ्यांना आठवणारी नावे, कुलदैवत, सोयरीक कोणत्या गावांशी, हे सगळे आम्ही वहीत लिहून हौसेने त्यांच्या हवाली केले. दोन महिन्यांनी हीच नावे 'दफ्तरात सापडली' म्हणून त्यांनी आम्हांला परत वाचून दाखवली, तेव्हा आप्पांच्या डोळ्यांत पाणी आले. आपणच दिलेली माहिती आपल्याकडे पुराव्याच्या रूपाने परत येत आहे, हे भरल्या घरात एकाच्याही ध्यानात येऊ नये, याचे मला अजून आश्चर्य वाटते. त्यानंतर दफ्तराचे शुल्क, तज्ज्ञांचे मानधन, प्रवास, चौकट अशा निमित्तांनी हप्त्याहप्त्याने रक्कम गेली. पावती एकाही हप्त्याची नाही.

वंशवृक्षाचा पट आणि त्यासोबत शिवकालीन म्हणून दिलेली सनद यांचे अनावरण गावच्या देवळात फेटे बांधून आणि तुतारी वाजवून झाले. पटाच्या माथ्यावर ढाल आणि तिच्या दोन्ही बाजूंना उभे राहिलेले सिंह होते. असे सिंह मी तोवर फक्त बिस्किटांच्या डब्यावर पाहिले होते, पण त्या दिवशी तसे बोलून दाखवण्याची सोय नव्हती.

पहिली शंका माझ्या पुतणीने काढली. तिने मोडीचा दहा दिवसांचा वर्ग केला होता, म्हणजे तीही नवशिकीच, पण सनद पाहताच ती म्हणाली, "काका, यात शब्द सुटे सुटे का आहेत?" मोडी लिहिताना आधी कागदाच्या रुंदीभर रेघ ओढून घेतात आणि मग त्या रेघेला अक्षरे टांगत जातात. शब्द तोडण्याची पद्धत नाही आणि वाक्याच्या शेवटी पूर्णविरामही नसतो, कारण आपली आजची विरामचिन्हे इंग्रजी अमलात रूढ झाली. आमच्या सनदेत प्रत्येक शब्दाला वेगळी शिरोरेषा होती आणि पूर्णविराम तर पाच होते. शिक्क्याची शाई जांभळट, म्हणजे सरळ रबरी शिक्क्याच्या पॅडची होती.

मग आम्ही मजकुराकडे वळलो. सनदेवर शके १५९२ हे वर्ष, 'आनंदनाम संवत्सर' आणि 'क्षत्रियकुलावतंस श्रीराजा शिवछत्रपती' अशी पदवी होती. ही पदवी महाराजांच्या पत्रांत येते ती राज्याभिषेकानंतर, आणि राज्याभिषेक झाला शके १५९६ मध्ये, म्हणजे इसवी सन १६७४ च्या जूनमध्ये. त्याआधीच्या पत्रांचा मायना 'अजरख्तखाने राजश्री सिवाजी राजे' असा फारसी वळणाचा असतो आणि त्यांत काळ शुहूर सन या अरबी कालगणनेत दिलेला असतो. संवत्सराचा हिशेब तर पंचांग नसलेल्या माणसालाही करता येतो: शकात १२ मिळवावे, बेरजेला ६० ने भागावे, उरलेली बाकी म्हणजे संवत्सराचा क्रमांक. शके १५९२ ची बाकी ४४ येते, तो साधारण संवत्सर होय. आनंद हा अठ्ठेचाळिसावा, म्हणजे नेमका राज्याभिषेकाच्या वर्षाचा. सनद रचणाऱ्याने राज्याभिषेकानंतरच्या एखाद्या छापील पत्राचा मायना जसाच्या तसा उचलला आणि सिंहगडाच्या प्रसंगाशी जुळावे म्हणून वर्षाचा आकडा तेवढा बदलला, याविषयी मला आता शंका उरलेली नाही.

तरीही सर्वांत मोठी चूक सनदेत नव्हती, ती पटात होती आणि ती समजण्यासाठी मोडी येण्याची गरजच नव्हती. आम्हांला आमच्या खापरपणजोबांपर्यंतची नावे ठाऊक होती आणि त्यांचा जन्म १८६० च्या सुमारासचा. सरदाराचा जन्म १६४० च्या आसपास धरला, तर मधल्या दोनशे वीस वर्षांसाठी पटात फक्त तीन नावे होती. याचा अर्थ आमच्या घराण्यात ओळीने चार पुरुषांना सरासरी पंचावन्नाव्या वर्षी वंशाचा दिवा लागला असे मानावे लागते. खालची नावे आम्हीच दिलेली असल्यामुळे खरी होती, वरचे नाव इतिहासातले असल्यामुळे वजनदार होते, आणि या दोहोंच्या मधला जो सांधा, त्यातच सगळी लबाडी भरलेली होती. असा पट कोणी तुमच्यासमोर उलगडला तर वरच्या नावाकडे आणि खालच्या नावाकडे पाहू नका. घरच्या कागदांतले शेवटचे नाव जिथे संपते तिथे बोट ठेवा आणि त्याच्या वरच्या एका पायरीचा मूळ कागद मागा.

आम्ही तो मागितला, तेव्हा आमचे इनाम कंपनी सरकारच्या इनाम कमिशनने जप्त केल्यामुळे कागद नष्ट झाले असे उत्तर मिळाले. ऐकायला हे पटते, कारण १८५२ च्या कायद्यानंतर कमिशनने कित्येकांची इनामे खालसा केली हा इतिहास आहे. परंतु इनामाची चौकशी म्हटली की अर्जदाराची कैफियत, त्याने दिलेली वंशावळ आणि निकाल असे कागद उलट तयार होतात. जप्ती हे कागद नसण्याचे कारण होऊ शकत नाही. पटाच्या तळटीपेत 'पेशवे दफ्तर, खंड ५२' असाही आधार दिला होता. रियासतकार सरदेसाई यांनी संपादित केलेल्या त्या मालेचे खंड पंचेचाळीसच आहेत. एखाद्या मोठ्या ग्रंथालयात जाऊन कपाटासमोर उभे राहिले असते तरी आमचे पैसे वाचले असते.

खरा शोध आम्ही नंतर घेतला, तो नाशिकला. तीर्थोपाध्यायांकडे गाव आणि आडनाव सांगितल्यावर अर्ध्या तासात त्यांनी नामावळीची वही काढली. तीत शके १८०६ ची, म्हणजे १८८४ च्या सुमाराची, आमच्या खापरपणजोबांची नोंद होती. त्यांनी आपल्या वडिलांचे आणि आजोबांचे नाव सांगून लिहविले होते आणि ती दोन्ही नावे पटातील नावांपेक्षा निराळी होती. खापरपणजोबांना लिहिता येत नसल्यामुळे सहीच्या जागी 'निशाणी नांगर' असे लिहून नांगराची लहानशी आकृती काढलेली आहे. या नोंदीसाठी आम्ही जी दक्षिणा ठेवली ती स्वखुशीची होती.

शेजारच्या तालुक्यातील एका घराण्याकडे असलेली सनद आम्ही त्यानंतर पाहिली. मजकूर तोच, शक तोच, फक्त आडनाव वेगळे; कोपऱ्यातला शाईचा डागसुद्धा त्याच जागी होता. पोलिसांकडे लेखी तक्रार दिली आहे, मात्र पावत्या नसल्यामुळे व्यवहार सिद्ध करणे अवघड जाईल असे आम्हांला तिथे सांगण्यात आले. ऑनलाइन पाठवलेल्या दोन हप्त्यांचा तेवढा पुरावा हाती आहे.

पट अजून देवळातच आहे. तो उतरवावा म्हणून भावकीची बैठक झाली, तेव्हा अकरा घरे विरोधात उभी राहिली. त्यांच्यातील एका वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की सनद खोटी असेल, पण म्हणून पूर्वजही खोटा कशावरून? आप्पा त्या बैठकीत काहीच बोलले नाहीत. त्याच अकरा घरांना त्या गृहस्थांनी गेल्या महिन्यात नवा निरोप धाडला आहे: सरदाराच्या समाधीची जागा सापडली असून तिच्या जीर्णोद्धारासाठी घरटी पंधरा हजार रुपये लागतील. चार घरांनी पैसे बाजूला काढून ठेवले आहेत असे कानावर आले, म्हणून हे लिहिण्याची घाई केली.