तासाभराचं रेकॉर्डिंग की सहा मिनिटांचे तुकडे?

ऑनलाइन अभ्यासक्रम करायचं ठरलं की कॉलेजात पहिली सूचना ठरलेली: वर्गात कॅमेरा लावा, तास रेकॉर्ड करा, टाका वर. खर्च कमी, प्राध्यापकांना जादा तयारी नाही. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण-उपक्रमाची सुरुवातीची कितीतरी व्याख्यानं अशीच तासाभराची आहेत. गणितातली लांब सिद्धता फळ्यावर सलग उलगडताना पाहायची तर मीही तेच निवडेन.

दुसरा मार्ग म्हणजे एक संकल्पना, एक छोटा व्हिडिओ आणि लगेच दोन प्रश्न. २०१४ मध्ये संशोधक फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांची नोंद तपासली. व्हिडिओ कितीही लांब असो, मुलं तो साधारण सहा मिनिटांपलीकडे पाहत नव्हती. गंमत पुढेच आहे. वर्गातल्या तासाला नंतर कात्री लावून केलेले तुकडेही फारसे चालले नाहीत. मुळातच ऑनलाइनसाठी आखलेले चालले. म्हणजे खरं काम संहिता लिहिण्यात आहे, संपादनात नाही. आणि ते वेळखाऊ आहे, हे कामाचा भार ठरवणाऱ्यांच्या गावीही नसतं!

‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठाच्या रचनेत व्हिडिओखेरीज वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वयंमूल्यमापनही आहे. छोटे तुकडे यांच्याशी सहज जोडता येतात. तासाच्या रेकॉर्डिंगला ही तिन्ही नुसती शेपटासारखी लटकतात. शिवाय परीक्षेच्या आदल्या रात्री एखादा मुद्दा हवा असला, तर तासाच्या व्हिडिओत पट्टी मागेपुढे सरकवत बसावं लागतं, ते वेगळंच.