पलंगाचा कठडा आणि गेलेले ४५ हजार

लेक पलंगावरून पडली तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. आमचा खालून सामान ठेवायचा बॉक्सचा पलंग, वर सहा इंची गादी, म्हणजे जमिनीपासून जवळजवळ दोन फूट. एका कडेला मी, दुसऱ्या कडेला नवरा, मधे पंधरा महिन्यांची ती. तरी बया पायथ्याकडे सरकत गेली आणि धप्पकन खाली. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. सकाळी डॉक्टरीणबाईंनी तपासलं. सारख्या उलट्या, गुंगी, वेगळंच वागणं असं काही दिसलं तर लगेच आणा म्हणाल्या. सुदैवाने तसं काही झालं नाही. पण तो धप्प आवाज माझ्या डोक्यातून जाईना.

एरवी मी कोथिंबिरीची जुडी उलटसुलट करून घेणारी बाई आहे. तो आवाज डोक्यात असताना मात्र मी काहीही विकत घेतलं असतं.

दोन दिवस फोनवर पलंगाचे कठडेच शोधत होते, त्यामुळे जाहिरातीही त्याच दिसायला लागल्या. त्यातली एक फार गोड होती. पिवळ्या चादरीवर लोळणारं बाळ आणि तिन्ही बाजूंना उंच जाळीचा कठडा. तिन्ही बाजूंचे मिळून १,४९९ रुपये, आणि ‘फक्त ३ शिल्लक’. स्टेशनजवळच्या दुकानात एकाच बाजूचे २,४०० सांगितले होते. शिवाय पैसे घरपोच आल्यावर द्यायचे. वस्तू दारात आल्याशिवाय पैसेच नाहीत, तर फसू कशी, असा माझा हिशेब. पार्सल उघडण्याआधीच पैसे द्यावे लागतात हे त्या हिशेबात नव्हतंच. पार्सल आणणारा पोरगा म्हणाला, ‘मॅडम, खोलून दाखवायची परवानगी नाही.’ त्या बिचाऱ्याचा काय दोष!

आत पापडाच्या डब्याएवढं वजन. चार प्लास्टिकच्या नळ्या आणि मच्छरदाणीसारखं कापड. कठडा जागेवर राहावा म्हणून गादीखालून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा जो पट्टा लागतो, तो नाही. पायथ्याच्या बाजूचा तर तुकडाच नाही. मग मी पहिल्यांदा ती वेबसाइट नीट वाचली. कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही, फोन नाही. ऑनलाइन विकणाऱ्याने नाव, पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव द्यावंच लागतं, असा २०२० पासून नियम आहे. मला तो नंतर कळला.

इथे थांबले असते तर दीड हजारावर सुटले असते.

पण मला राग आला होता. त्या वेबसाइटचं नाव टाकून ‘कस्टमर केअर नंबर’ असं शोधलं. वरच एक नंबर आला. फोन उचलणारा छान मराठी बोलत होता. ‘ताई, बाळ बरं आहे ना आता?’ असं त्याने विचारलं, आणि मी विरघळले. (पडल्याचं मीच आधी सांगितलं होतं, हे नंतर आठवलं.) त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘रिफंड फॉर्म’ पाठवला. ती एपीके फाइल होती. फॉर्म कसला, अ‍ॅपच. फोनने दोनदा धोक्याची सूचना दिली, तो म्हणाला, ‘ते सगळ्यांनाच येतं, ओके करा.’ अ‍ॅपने मेसेज वाचायची परवानगी मागितली, दिली. ‘पडताळणीसाठी ५ रुपये’ म्हणून कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे आणि पिन मागितला, तोही भरला. पैसे परत घ्यायला पिन लागत नाही हे मला ठाऊक होतं, सासूबाईंना मीच समजावलं होतं. त्या दुपारी लेक कडेवर रडत होती आणि मला ते प्रकरण एकदाचं संपवायचं होतं.

तिला निजवून फोन पाहिला तर २४,९९९ आणि १९,९९९ रुपये गेलेले. ओटीपी मी कोणालाच सांगितला नव्हता. मेसेज वाचायची परवानगी दिल्यावर सांगावा लागतच नाही.

नवऱ्याने पहिलं काम केलं ते फोनचं नेट बंद करण्याचं. मग त्याच्या फोनवरून बँकेला सांगून कार्ड बंद केलं आणि १९३० लावला. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर. व्यवहारांचे क्रमांक आणि वेळ समोर ठेवूनच लावा, तेच आधी विचारतात. दुसऱ्या रकमेतले ११,३०० पुढच्या खात्यात गोठवता आले, बाकीचे तोवर पुढे सरकले होते. गोठवलेले अजून हातात आलेले नाहीत, कागदपत्रं चालू आहेत. बँकेने सरळ सांगितलं की पिन तुम्हीच दिलात, नुकसान तुमचं. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियमही तसाच होता. मात्र बँकेला कळवल्यानंतर पैसे गेले तर ते बँकेच्या अंगावर. म्हणून रडायचं ते फोन केल्यावर रडा, आणि कळवल्याची वेळ लिहून ठेवा.

आता त्या जाळीचं. पैसे गेलेच आहेत तर निदान वापरू, म्हणून मी ती नाडीने पलंगाला बांधली आणि फोटो डॉक्टरीणबाईंना दाखवला. त्यांनी आधी ती काढायला लावली. गादी आणि कठडा यांच्यात फट राहिली तर मूल त्यात घसरून अडकतं, श्वास कोंडतो. पडण्यापेक्षा ते जिवावरचं. असे कठडे दोन वर्षांच्या पुढच्या, आपणहून पलंगावर चढता-उतरता येणाऱ्या मुलांसाठी असतात, माझ्या पंधरा महिन्यांच्या लेकीसाठी नव्हेच. म्हणजे जाहिरातीतला अस्सल माल आला असता तरी माझी खरेदी चुकलेलीच होती. कडेने उशा रचणंही त्यांना पसंत नव्हतं, वर्षाच्या आतल्या बाळाजवळ तर मुळीच नको म्हणाल्या.

सासूबाई पहिल्या दिवसापासून म्हणत होत्या, ‘गादी खाली घाला गं, आम्ही चार पोरं तशीच वाढवली.’ आता गादी खालीच आहे, भिंतीपासून दूर. रोज सकाळी उचलून उभी करावी लागते, नाहीतर खालून ओल धरते. पलंगावरून उतरायचं तर पालथं होऊन ‘पाय आधी’, हे तिला आठवडाभरात जमलं.

ती पिवळ्या चादरीची जाहिरात मला परवा पुन्हा दिसली. दुकानाचं नाव नवं, बाळ तेच. खाली कुणाला काही लिहिता येणार नाही अशी सोय. मी तक्रार नोंदवली, तीनच दिवसांत तिसऱ्या नावाने हजर.

लेक आता उठली की थेट बाल्कनीच्या दाराकडे पळते. त्या दाराला वरची कडी सुताराकडून बसवून घेतली. समोर उभी राहून, दोनदा ओढून बघून, मग पैसे दिले.