तीन तबकड्यांवरची 'द फ्रॅजाइल'

'नाइन इंच नेल्स' या अमेरिकी बँडचा 'द फ्रॅजाइल' हा जोडअल्बम सप्टेंबर १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१७ साली बँडचा प्रमुख ट्रेंट रेझनर आणि त्याचा सहकारी अ‍ॅटिकस रॉस यांनी जातीने लक्ष घालून त्याची तीन विनाइल तबकड्यांची नवी आवृत्ती काढली. ती मी मागवली त्याला आता बराच काळ झाला असून इतक्या दिवसांच्या ऐकण्यानंतर तिच्याविषयी लिहावे, असे मनापासून वाटते.

या अल्बमशी माझी ओळख अर्धवटच झाली होती. मूळ प्रकाशनात 'डावी' आणि 'उजवी' अशा दोन सीडी होत्या. पुण्यात वसतिगृहावर राहत असताना एका मित्राने त्यांपैकी फक्त उजवी सीडी मला कॉपी करून दिली आणि पुढची दोन वर्षे मी तिलाच पूर्ण अल्बम समजत होतो. तीमधल्या 'इन्टू द व्हॉइड' या गाण्याच्या आरंभी तारांवर छेडलेली एक छोटी सुरावट येते. ती मला फार आवडायची. परंतु तिचे मूळ डाव्या सीडीवरच्या 'ला मेर' या रचनेत आहे आणि तिथे तीच सुरावट पियानोवर, क्रिओल भाषेत बोलणाऱ्या एका स्त्रीच्या आवाजासोबत, समुद्राच्या भरतीसारखी हळूहळू वर चढत जाते, हे कळले तेव्हा ऐकलेले सगळेच पुन्हा पहिल्यापासून ऐकावे लागले.

या बँडचा आवाज कसा बदलत गेला, यावर चाहत्यांचे कधीच एकमत झालेले नाही. क्लीव्हलंडमधल्या एका स्टुडिओत साफसफाईसह पडेल ते काम करत, रात्री मोकळ्या वेळात रेझनरने बांधलेला १९८९ चा 'प्रिटी हेट मशीन' हा पहिला अल्बम ज्यांनी आधी ऐकला, त्यांच्या लेखी हा बँड म्हणजे सिंथेसायझर आणि नाचता येईल असा यांत्रिक ठेका. १९९२ च्या 'ब्रोकन'मध्ये गिटारची भिंतच उभी राहिली आणि त्यांच्यातले काही जण दुरावले. १९९४ च्या 'द डाउनवर्ड स्पायरल'ने मात्र त्यांच्या कितीतरी पट नवे श्रोते आणले. माझा एक मामेभाऊ त्याच काळात शिक्षणासाठी अमेरिकेत होता. पाच वर्षे वाट पाहून त्याने 'द फ्रॅजाइल' पहिल्याच आठवड्यात विकत घेतला आणि तो निराश झाला, कारण त्याला दुसरा 'स्पायरल' हवा होता. तो एकटाच नसावा: पहिल्या आठवड्यात अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या विक्री-यादीत अग्रस्थानी आलेला हा अल्बम दुसऱ्या आठवड्यात सोळाव्या क्रमांकावर घसरला.

त्याची निराशा मला समजते, पण पटत नाही. न्यू ऑर्लीन्समध्ये, पूर्वी अंत्यविधीगृह असलेल्या इमारतीतल्या स्टुडिओत घडलेल्या या कामात आधीचा संताप आहेच; मात्र त्याच्या तळाशी शोक आहे, आणि ज्या आजीने रेझनरला वाढवले तिच्या मृत्यूची सावली त्यावर आहे. 'द डे द वर्ल्ड वेंट अवे'मध्ये ड्रम्स अजिबात नाहीत, तरी गिटारच्या लाटा छातीवर आदळतात. 'जस्ट लाइक यू इमॅजिन्ड' या शब्दविरहित रचनेत माइक गार्सन यांचा पियानो त्या गोंगाटातून वाट काढत जातो, तो क्षण मी सुई उचलून पुन:पुन्हा ऐकला आहे. इतक्या विखुरलेल्या सामग्रीचा क्रम लावण्यासाठी निर्माते बॉब एझ्रिन यांना बोलावण्यात आले होते आणि त्यांच्या कामाचे मोल तबकडीवर विशेष जाणवते, कारण पावणेदोन तासांचे हे संगीत सहा बाजूंत विभागल्यामुळे प्रत्येक बाजूनंतर उठावे लागते आणि त्या शांततेत आधीचे सूर मनात रेंगाळत राहतात.

शब्दांच्या बाबतीत हा अल्बम आधीच्यापेक्षा उणा आहे, हे मान्य करतो. काही ओळी फार ढोबळ आहेत. परंतु पुढे २००८ मध्ये बँडच्या 'घोस्ट्स' या अल्बममधल्या छत्तीस वाद्यरचना आल्या आणि २०११ मध्ये रेझनर व रॉस यांना चित्रपटसंगीतासाठी ऑस्कर मिळाले, त्या वाटेची सुरुवात मला इथल्याच शब्दविरहित तुकड्यांत दिसते.

दर्जाविषयी सांगायचे तर माझ्या प्रतीच्या तबकड्या सपाट आणि स्वच्छ आहेत, खालचे स्वर भरदार ऐकू येतात आणि हळू आवाजाच्या जागांमध्ये खरखर जवळजवळ नाही. कुरिअरच्या हाताळणीत वेष्टनाचा एक कोपरा मात्र दुमडला. परदेशातून मागवणाऱ्यांनी विक्रेत्याला जाड पुठ्ठ्यात बांधून पाठवायला आवर्जून सांगावे. आयात शुल्क धरल्यास किंमत जड आहे. त्यामुळे ज्यांनी हा बँड कधीच ऐकलेला नाही, त्यांनी आधी 'द डाउनवर्ड स्पायरल' घ्यावा. ज्यांनी १९९९ साली हा अल्बम एकदा ऐकून बाजूला ठेवला, त्यांच्यासाठी मात्र ही आवृत्ती पैसे मोजण्याजोगी आहे. मामेभावाला मी माझी प्रत महिनाभरासाठी दिली होती, ती अजून त्याच्याकडेच आहे.