अनामत घेऊन दिलेले पिशव्यांचे काम : शहापूरच्या अकरा जणींची फसवणूक

मी बेळगावच्या शहापूर भागात राहते आणि गेली 22 वर्षे घरी शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, उशांचे अभ्रे, बाळांची झबली हे रोजचे काम असते, आणि कतरणी साठल्या की त्यांच्या वाकळी, बटवे व दारावरची तोरणे शिवते. कापडी पिशवी हा त्या मानाने सर्वांत सोपा नग आहे. त्या सोप्या नगाच्या कामात माझी, आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवून आलेल्या आणखी दहा जणींची फसवणूक झाली. ती कशी झाली हे मी मापांसकट लिहीत आहे, कारण खानापूर, निपाणी किंवा सीमेपलीकडच्या चंदगड, गडहिंग्लज, कागल भागात कोणी असेच काम देऊ केले, तर मशीनवर बसण्याआधी हे वाचले जावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

2025 च्या जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या एका हळदीकुंकवाला, आलेल्या बायकांच्या हातात एक छापील पत्रक पडले. घरबसल्या कापडी पिशव्या शिवा, कापड व दोरा आमचा, मजुरी नगावर 20 रुपये, असे त्यात लिहिले होते. ही मजुरी आम्हाला एरवी मिळते त्याच्या जवळजवळ दुप्पट होती, तरी कोणाला संशय आला नाही, कारण पत्रकातील पुढचा मजकूर आम्हाला पटण्यासारखा होता. कर्नाटकात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर 2016 पासून बंदी आहे, 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या अनेक वस्तू देशभर बंद झाल्या आणि त्याच वर्षीच्या 31 डिसेंबरपासून 120 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांनाही मनाई झाली. दुकानदाराला कापडी पिशवी लागते, हे आम्ही रोज बाजारात पाहत होतो. त्यातून शहापूर, वडगाव, खासबाग हा विणकरांचा पट्टा आहे. मागाला काम कमी पडले की घरातील बाईच्या शिलाई मशीनवर महिना काढावा लागतो, आणि अशा घरात 20 रुपये नगाचे काम कोणी सहज नाकारत नाही.

पत्रकातल्या पत्त्यावर मी स्वतः गेले. बाजारपेठेतील एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या, टेबल होते, भिंतीला पिशव्यांचे नमुने टांगलेले होते आणि बोलायला एक गृहस्थ व एक बाई होत्या. दोघेही आमच्याच मराठीत बोलत होते. त्यांनी पहिल्यांदा पैसे मागितलेच नाहीत. 40 पिशव्यांचे कापलेले तुकडे दिले, मी ते चार दिवसांत शिवून नेले, आणि त्यांनी एकही पिशवी नीट न उलगडता 800 रुपये रोख हातावर ठेवले. त्या 800 रुपयांवर मी पुढे दहा घरे फिरले, हे मला आज सर्वांत जास्त लागते.

पिशवीचे माप आधी सांगते, कारण सगळी फसवणूक त्या मापात होती. तयार पिशवी 15 इंच रुंद आणि 16 इंच उंच हवी होती, तोंडाला 1 इंचाची दुमड आणि दोन बंद. बाजूच्या दोन्ही शिलायांना अर्धा-अर्धा इंच माया, म्हणजे शिलाईत आत जाणारे जादा कापड, लागते, म्हणजे तुकडा 16 इंच रुंद हवा. उंचीला तळाच्या शिलाईसाठी अर्धा इंच, तोंडाच्या दुमडीसाठी 1 इंच आणि कच्ची कड आत घेण्यासाठी आणखी अर्धा इंच, अशी एकूण 2 इंच माया जाते, म्हणजे तुकडा 18 इंच उंच हवा. बंदासाठी 4 इंच रुंदीची पट्टी दोन्ही कडांनी मध्यापर्यंत दुमडायची आणि पुन्हा एकदा दुमडायची, म्हणजे 1 इंचाचा चौपदरी बंद होतो. तो तोंडाच्या दुमडीत घालून त्यावर चौकोनी टीप आणि चौकोनात फुली मारली की ओझ्याने बंद उचकटत नाही. पहिल्या 40 पिशव्यांचे तुकडे अगदी 16 बाय 18 इंचांचे होते, आणि म्हणून ते काम हातातून सरसर गेले.

दुसऱ्या खेपेला प्रत्येकीला 300 पिशव्यांचा गठ्ठा मिळणार होता, आणि त्यासाठी 8,000 रुपये अनामत भरायची होती. कापड महाग आहे, कोणी ते घेऊन गेले तर आमचे नुकसान होईल, माल जमा झाला की मजुरीसह अनामत परत, असे समजावण्यात आले. 300 पिशव्यांची मजुरी होते 6,000 रुपये. मजुरीपेक्षा अनामत मोठी आहे हा हिशेब करायला शाळेत जावे लागत नाही, पण आम्ही अकरा जणींनी तो केला नाही. एकीने कानातले गहाण ठेवले, दोघींनी बचत गटातून उचल घेतली. पैसे टेबलावरच्या कोडवर मोबाइल धरून भरायचे होते. पैसे जाताना पडद्यावर जे नाव आले ते संस्थेचे नव्हते, एका व्यक्तीचे होते. मी विचारले, तेव्हा ते आमच्या हिशेबनिसाचे खाते आहे असे उत्तर मिळाले आणि मी गप्प बसले.

करार स्टँप पेपरवर होता आणि संपूर्ण इंग्रजीत होता. आमच्यापैकी बहुतेकींचे शिक्षण मराठी शाळेत झाले, काही जणींना कन्नड वाचता येते, इंग्रजी कायद्याची भाषा कोणालाच येत नाही. सह्या झाल्यानंतर दोन महिन्यांनी माझ्या भावाच्या मुलीने तो करार मला वाक्यावाक्याने समजावून दिला. त्यात दोन कलमे होती. तयार मापात पाव इंचापेक्षा जास्त फरक असलेला नग नापास होईल, हे पहिले. शंभरातील 95 नग पास झाले नाहीत तर अनामत जप्त होईल आणि सर्व माल संस्थेच्या ताब्यात राहील, हे दुसरे. सही करण्याआधी ती प्रत एक रात्र घरी मागून आणली असती, तर हे तेव्हाच कळले असते.

गठ्ठे घरी आले. मी पहिली पिशवी शिवली, उलटी करून मांडीवर घेतली आणि ती मला बुटकी वाटली. टेप लावला, तर उंची 15 इंच भरली. मग न शिवलेले तुकडे मोजले. रुंदी 16 इंच बरोबर होती, उंची मात्र 17 इंच होती. म्हणजे दुमड कराराप्रमाणे 1 इंचाची घेतली तर ती पिशवी 16 इंच उंच होणे शक्यच नव्हते, मग शिवणारी कितीही कसबी असो. मी लगेच फोन केला. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "अक्का, तुम्ही शिवत जावा, कटिंगवाल्याकडून तेवढं झालंय, आम्ही सांभाळून घेतो." मी ते मोबाइलवर लिहून मागितले नाही. बाकीच्या दहा जणींचे फोन मला आले, आणि त्यांना मीच सांगितले की शिवा, बोलणे झाले आहे.

आणखी एक खूण कापडातच होती. काही पिशव्या शिवून झाल्यावर तिरक्या फिरत होत्या, तळाचा एक कोपरा पुढे आणि दुसरा मागे जात होता. मी दोष माझ्या टिपेला देत राहिले, सुई 16 नंबरची बदलून 18 नंबरची लावली, टाके मोठे करून पाहिले. शेवटी आमच्या गल्लीतील एका वयस्कर विणकर मामांना तुकडा दाखवला. त्यांनी कडेचा एक धागा धरून ओढला आणि तो अर्ध्यावर तुटेपर्यंत कसा कडेपासून आत आत जातो हे दाखवले. ताणा-बाण्याला धरून कापड कापलेले नव्हते, तिरके कापले होते. मामा म्हणाले की हे शिवणारीचे काम नव्हे, कापणाऱ्याचे आहे. तोपर्यंत माझ्या 200 पिशव्या शिवून झाल्या होत्या.

मार्च अखेर सर्व माल त्यांचा टेम्पो घेऊन गेला. माझ्या 12 पिशव्यांचे बंद लावायचे राहिले होते म्हणून त्या घरी उरल्या, आणि आज आमच्याकडे पुरावा म्हणून जे आहे ते या 12 पिशव्या आणि चार न शिवलेले तुकडे एवढेच आहे. आठवड्याने बोलावून प्रत्येकीला एक कागद देण्यात आला : सर्व नग उंचीला 1 इंच कमी, करारानुसार नापास, अनामत जप्त. मी फोनची आठवण करून दिली, तेव्हा असे बोलणे झालेच नाही असे त्या बाईने माझ्या तोंडावर सांगितले. एप्रिलच्या मध्यात त्या दोन खोल्यांना कुलूप होते. अनामतीचे 88,000 आणि ठरलेल्या मजुरीचे 66,000 रुपये गेले, आणि 3,288 पिशव्याही गेल्या.

कापड त्यांचे होते, मग त्यांना यात काय मिळाले, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. त्याचे उत्तर मे महिन्यात एका दुकानात मिळाले. तिथे आमच्या पिशव्या टांगलेल्या होत्या, त्यांवर एक चित्र छापलेले होते आणि किंमत 70 रुपये होती. मी फुली मारताना शेवटच्या टोकाला उलटी टीप दोनदा घेते. ही माझी लहानपणापासूनची सवय आहे आणि माझ्या हाताची फुली मी हजारांत ओळखेन. पिशवीची उंची 15 इंच होती. दुकानदाराने ती घाऊक बाजारातून घेतली होती आणि त्याला काहीच माहीत नव्हते, त्यामुळे त्याच्याशी मी वाद घातला नाही, पावती घेऊन एक पिशवी विकत घेतली. नापास ठरवलेला माल विकून त्यांनी कापडाचे पैसे काढले, शिलाई फुकट मिळवली आणि अनामत वर राहिली. 17 इंची तुकडा ही कटिंगवाल्याची चूक नव्हती, हे मला त्या दुकानात उभे राहून कळले.

तक्रारीच्या बाबतीत आम्ही जे चुकलो तेही सांगते. पैसे मोबाइलवरून गेले असतील आणि फसवणूक लक्षात आली असेल, तर 1930 या क्रमांकावर त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात कळवावे, म्हणजे खात्यातील रक्कम थोपवण्याची शक्यता असते. आम्ही दोन महिन्यांनी फोन केला, तेव्हा खात्यात काही उरले नव्हते. पोलिसांकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा करार झालेला आहे, हे दिवाणी प्रकरण आहे असे ऐकावे लागले, आणि करारावरचा त्या गृहस्थांचा पत्ता महाराष्ट्रातला असल्यामुळे हद्दीचाही प्रश्न काढला गेला. आमच्यासारख्या सीमेवर राहणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवावे की 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांत फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम 318 आहे, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, त्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. हे आम्हाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात नेमून दिलेल्या वकील बाईंनी सांगितले. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, वकील विनामूल्य मिळतो. त्यांनी तक्रार कन्नडमध्ये लिहून दिली, आम्हाला ती मराठीत वाचून दाखवली, आणि मगच सह्या घेतल्या. तक्रार नोंदली गेली आहे. पैसे अजून परत आलेले नाहीत.

अनामतीच्या पावतीवर जीएसटी क्रमांक छापलेला होता, त्यामुळे संस्था खरी वाटली होती. वकील बाईंनी तो बोटाने मोजायला लावला. हा क्रमांक 15 अक्षर-अंकांचा असतो आणि पहिले दोन अंक राज्याचे असतात, कर्नाटकचे 29, महाराष्ट्राचे 27, गोव्याचे 30. आमच्या पावतीवरचा क्रमांक 29 ने सुरू होत होता, पण त्यात 14 च अक्षरे होती. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो फुकट तपासता येतो आणि नोंदलेले नाव व पत्ता दिसतो. पैसे भरण्याआधी घरातल्या कोणत्याही कॉलेजातल्या मुलाने हे पाच मिनिटांत करून दिले असते.

आता आमच्यापैकी सात जणी एकत्र येऊन स्वतःच्या पिशव्या शिवतात. कापड आम्ही मांजरपाट किंवा जाड कॅनव्हास आणतो, आधी भिजवून वाळवतो, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, आणि धागा ओढून सरळ रेषेवर कापतो. बाहेरचे काम घ्यायचेच झाले तर अनामत देत नाही. गठ्ठ्यातले कोणतेही तीन तुकडे काम देणाऱ्यासमोर काढून मोजतो, एक पिशवी तिथेच पूर्ण शिवतो, तिच्यावर टेप लावून दोघांच्या सह्यांची चिठ्ठी बंदाला टाचतो आणि ती नमुन्याची पिशवी आमच्याकडे ठेवून घेतो. जून महिन्यात तोरणे आणि कापडी फुलांच्या कामाचे किट 3,500 रुपये अनामतीवर देणारे कोणी वडगावात फिरत होते. नमुना समोर बसून शिवू, असे आमच्यातील एकीने म्हटल्यावर ते उद्या येतो म्हणून गेले आणि पुन्हा आले नाहीत.

ज्यांच्याकडे असा करार आधीच झालेला आहे, त्यांनी त्यातील माप तयार नगाचे आहे की कापलेल्या तुकड्याचे हे आज वाचून घ्यावे, मिळालेल्या तुकड्याच्या उंचीतून 2 इंच माया वजा करून पाहावी, आणि उत्तर जुळत नसेल तर माल टेम्पोत चढवण्याआधी काही नग व न शिवलेले तुकडे घरात ठेवून द्यावेत.