श्वाल्बे मॅरेथॉन प्लस: ग्रुपने लांब जाणाऱ्यांसाठी टायर

देश ओलांडणाऱ्या ग्रुप राइडमध्ये मी बहुतेक वेळा सगळ्यांच्या मागे असते. कोणी थांबलं की थांबायचं, चाक उतरवायचं, पंक्चर काढायचं, हे काम माझ्याकडे. त्यामुळे टायरबद्दल माझी मतं ठाम आहेत. सामान लादलेल्या सायकलच्या मागच्या चाकाला मी आता श्वाल्बे कंपनीचा मॅरेथॉन प्लसच लावते, आणि सोबतच्यांनाही तेच सांगते.

एकट्याने फिरताना पंक्चर झालं तर वेळ आपला जातो. ग्रुपमध्ये दहा-बारा जण रस्त्याच्या कडेला उभे राहतात, घाम अंगावर वाळतो, पाय गार पडतात, पुढे गेलेल्यांना निरोप पोहोचत नाही. शिवाय पुढच्याच्या चाकामागे चाक धरून चालवताना समोरचा रस्ता दिसतच नाही. काच दिसते तोवर आपण तिच्यावरून गेलेलो असतो.

या टायरचं मर्म ट्रेडखालच्या (ट्रेड म्हणजे रस्त्याला टेकणारा भाग) ५ मिलिमीटर जाडीच्या लवचीक रबरी थरात आहे. कंपनी त्याला स्मार्टगार्ड म्हणते. लांबच्या प्रवासात मला काचेपेक्षा तारांची धास्ती जास्त. ट्रकचे टायर फुटले की त्यातल्या केसासारख्या बारीक पोलादी तारा महामार्गाच्या कडेला पडून राहतात, आणि ग्रुपही नेमका त्याच कडेने जात असतो. तार डोळ्यांना दिसत नाही. टायरच्या आतून बोट फिरवून ती शोधली नाही तर बदललेली ट्यूबही थोड्या अंतरावर बसते. प्लसमध्ये तार शिरते, पण थराची जाडी संपायच्या आधी बहुतेक वेळा तिची लांबी संपते. मुक्कामाला पोहोचल्यावर चिमट्याने अशा तारा उपटताना या टायरबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

पंक्चर होतच नाही असं नाही. हवा कमी असताना चाक खड्ड्यात आदळलं तर ट्यूब रिमशी चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. तिथे हा थर काही करू शकत नाही. व्हॉल्व्ह मुळापाशी सुटला तरी तेच. बराचसा भार मागच्या चाकावर असतो, म्हणून मागे पुढच्यापेक्षा जास्त हवा ठेवा. दाबाची मर्यादा टायरच्या बाजूवर छापलेली असते.

वजन भरपूर आहे. ७०० × ३५ मापाचा एक टायर पाऊण किलोच्या वर जातो, आणि थांबून पुन्हा वेग घेताना ते जाणवतं. पॅनिअर (कॅरिअरच्या बाजूंना अडकवायच्या पिशव्या) लावून निघालेल्यांना त्याचं फारसं काही वाटणार नाही. सामान मागच्या गाडीत टाकून हलक्या रोड बाइकवर जाणाऱ्यांनी मात्र हा घेऊ नये.

जाड थरामुळे टायर ताठ असतो, त्यामुळे बसवताना पद्धत हवी. सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने करा, कडा रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत या आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करा. उलट केलं तर शेवटचा वीतभर भाग चढता चढत नाही, मग लिव्हरचा (टायर उचकटायच्या पट्टीचा) जोर लागतो आणि नवी ट्यूब चिमटते. निघण्याआधी घरी एकदा स्वतः काढून-घालून बघा. फिरण्याच्या दिशेचा बाणही तेव्हाच पाहून घ्या.

ग्रुपने माप आधी ठरवावं असं माझं कळकळीचं सांगणं आहे. वरच्या ७०० × ३५ मापाच्या टायरवर ३७-६२२ असे आकडे असतात: ३७ ही रुंदी, ६२२ हा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. सगळ्यांचं ६२२ असेल आणि रुंदीत फार फरक नसेल, तर ट्यूबा एकमेकांना चालतात आणि जादा टायर सर्वांत मिळून एखाद-दुसरा पुरतो. कडेत तार असल्यामुळे प्लसची घडी होत नाही. जादा म्हणून दुसरा एखादा हलका, घडीचा टायर बाळगा.

दोन्ही चाकांना घेणं जमत नसेल तर मागच्याला घ्या. पुढचं पंक्चर चेन-गिअरला हात न लावता निघतं.