मस्कतहून ग्रुप कॅम्पिंग: वाहिबाची वाळू की जेबेल शम्सचा डोंगर?

ऑक्टोबर उलटला की मस्कतमधल्या प्रत्येक मराठी ग्रुपवर हा वाद निघतोच. पाच-सहा कुटुंबं, पोरंटोरं, शुक्रवारी सकाळी निघायचं आणि शनिवारी परत, जायचं कुठे. मी दोन्हीकडे वेगवेगळ्या लोकांबरोबर जाऊन आलोय म्हणून लिहितोय, पटलं तर घ्या. अंतरावरून ठरवू नका, दोन्ही साधारण तीन-साडेतीन तासांवर आहेत, वाहिबाच्या वाळवंटाला इब्रा ओलांडून बिदियाकडे, जेबेल शम्सच्या डोंगराला निझवा, अल हमरा करत घूलवरून वर.

आधी वाहिबाचं चांगलं सांगतो कारण ते खरंच चांगलं आहे. शंभर मीटरपर्यंत उंच टेकड्या, पोरं अनवाणी जी सुटतात ती अंधार पडेपर्यंत हाताला लागत नाहीत, आणि कितीही गडगडली तरी गुडघे फुटत नाहीत, आईबापांना अजून काय पाहिजे. तंबू कुठेही टाका, जमीन मऊ. थंडी जॅकेटवर भागते. पहाटे मात्र दव असं पडतं (समुद्र लांब नाही ना) की बाहेर राहिलेली सतरंजी पिळून घ्यावी लागते, वाळवंटात हे कोणाच्या डोक्यातच नसतं.

आता माझा वैताग. हवा. वाळवंटाच्या तोंडाशी मिंतरिब गावाला पोचलात की गाड्या वाळूत रुतू नयेत म्हणून सगळ्यांच्या टायरमधली हवा पंधरा-अठरा पीएसआयपर्यंत काढायची, तिथली टायरची दुकानं पटापट करून देतात, तिथवर ठीक. पण ग्रुपमध्ये एक तरी जण असतोच ज्याची फोर बाय फोर आजवर मॉलच्या पार्किंगच्या पलीकडे गेलेली नसते, तो टेकडी चढताना मधेच अॅक्सिलरेटर सोडतो आणि गाडी बसते. मग सगळे उतरणार, फावडं, दोरी, चटया, एक म्हणणार रिव्हर्स घे, दुसरा म्हणणार अजिबात रेस करू नको, तिसरा व्हिडिओ काढणार. ती निघाली की पुढची बसते. एकट्या गाडीने आत जायचं नाही हा नियम, आणि तो बरोबरच आहे, त्यामुळे पुढे निघून जाताही येत नाही. परत येताना डांबरी रस्त्याला लागलं की तेवढ्याच टायरमध्ये हवा भरायची, दुकानात रांग असली तर ग्रुपमध्ये चालू अवस्थेतला कंप्रेसर एकच निघतो आणि तो दुसऱ्या गाडीलाच तापून बंद पडतो. दोन दिवसांतला किती वेळ यात जातो ते मोजलं नाही पण सूर्यास्त बघायला म्हणून निघालो होतो आणि तो बसलेल्या गाडीखाली वाळू उकरताना झाला, एवढं लक्षात आहे.

म्हणजे वाळूत अख्खा ग्रुप सगळ्यात कच्च्या ड्रायव्हरच्या वेगाने सरकतो. डोंगरावर तसं होत नाही. शम्सलाही वरच्या रस्त्यासाठी फोर बाय फोर बरी, पण एकदा पठारावर गाड्या लावल्या की ज्याचे त्याचे पाय. ज्यांना दम आहे त्यांनी पहाटे उठून डब्ल्यू फोर नावाच्या पायवाटेने २,९९७ मीटरच्या दक्षिण शिखराकडे निघावं (खरं सर्वोच्च टोक लष्कराकडे आहे, तिथे जाता येत नाही), अख्खा दिवस जातो. बाकीच्यांनी अल खितैमहून बाल्कनी वॉक करावा. कड्याच्या पोटातून जाणारी पायवाट, एका बाजूला हजारेक मीटर खोल दरी, शेवटी अस साब हे सोडून दिलेलं गाव. वाट दगडांवरच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांवरून सापडते. कोकणकड्यावर पालथं पडून खाली बघितलेल्यांना इथे घरच्यासारखं वाटेल, फक्त हिरवं काही शोधू नका. आणि ज्यांना काहीच करायचं नाही त्यांनी दरीच्या काठावर खुर्ची टाकून चहा प्यावा. संध्याकाळी सगळे पिठल्याला एकत्र, कोणी कोणासाठी खोळंबलेलं नसतं.

शम्सचे त्रास आहेतच. रात्री थंडी शून्याच्या आसपास जाते, कधी खाली, मस्कतच्या सवयीने एक पातळ ब्लँकेट घेऊन आलेले लोक रात्रभर गाडीत हीटर लावून बसलेले बघितलेत. वारा तंबू हलवत राहतो. बकऱ्या तर काय, तंबूची चेन उघडी दिसली की आत, ब्रेडपासून टिश्यूपर्यंत सगळं साफ. आणि दरीला सगळीकडे कठडा नाही, त्यामुळे तीन-चार वर्षांचं पोर असेल तर तुम्हाला दोन मिनिटं शांत बसता येणार नाही, अशांनी वाहिबाच बघावं. इंडियातून आई-बाबा आलेले असतील तरी वाहिबा, पण मग स्वतः गाडी आत घालू नका, तिथल्या तयार कॅम्पवाल्यांना मिंतरिबहून न्यायला बोलवा. पैसे जातात पण हवेची भानगड त्यांच्याकडे.

बाकी पोरं आठ-दहाच्या पुढची असतील आणि ग्रुपमध्ये वाळूत गाडी चालवणारे दोन-तीन पक्के लोक नसतील तर मी तरी शम्स म्हणेन. पाणी मस्कतहूनच भरपूर घ्या, आणि जास्तीची दोरीसुद्धा, वर खडकात तंबूच्या खुंट्या जात नाहीत, दगडांनाच बांधावं लागतं.